तेचबाई आणि एकोणीस नंबरचा पाइप

आमच्या खात्यात माणसाचं खरं नाव हजेरीपुस्तकात असतं, लोकांच्या तोंडात वेगळंच. मी रुजू झालो आणि तिसऱ्या दिवशी माझा 'डबीसाहेब' झाला. तेचबाई मात्र माझ्या आधी बावीस वर्षं तेचबाई होत्या. त्या नावात चक्क कुचेष्टा होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही सगळे त्याच नावाने त्यांना मानाने हाक मारू लागलो आणि ते पहिल्यापासून तसंच होतं असा आव आणू लागलो. माणसं लबाड असतात, मीही त्यातलाच.

आमचं खातं म्हणजे एक तलाव आणि त्याला अडवून धरणारा सव्वा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. मातीच्या बांधात थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते बांधाच्या पोटात किती उंचीपर्यंत चढलंय, यावर मात्र नजर ठेवावी लागते. त्यासाठी बांधात एकतीस उभे पाइप पुरलेले आहेत. बाई रोज सकाळी एकेका पाइपात मोजपट्टी सोडायच्या. पट्टीच्या टोकाला पोकळ वजन असतं, ते पाण्याला टेकलं की खालून 'डुब' असा आवाज येतो. तो आवाज आला की पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. एकतीस पाइप, एकतीस डुब, आणि मग डबा खायला बसायचं.

पाणी जागचं हललं नसेल तर बाई आकडा लिहीत नसत, 'तेच' असं लिहीत. त्यांच्या वह्या उघडल्या की पानंच्या पानं तेच, तेच, तेच. मध्येच एखादा आकडा, की पुन्हा तेच. कुणीतरी पूर्वी त्यांना याचा जाब विचारला होता म्हणे. बाई म्हणाल्या होत्या, "आकडा लिहिला की वाचणाऱ्याला तो वाचावा लागतो. नवीन काही नसेल तर त्याचे डोळे कशाला दुखवायचे?" तेव्हापासून त्या तेचबाई.

ठेंगण्या, काटक. डावा खांदा किंचित उतरलेला, कारण पट्टीचं जड रीळ बावीस वर्षं त्याच खांद्यावर. पाइपाशी वाकल्या की श्वास रोखून उजवा कान खाली धरायच्या आणि आजूबाजूला कुणी बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे. एकदा आमचे मोठे साहेब शेजारी उभं राहून फोनवर कुणावर तरी खेकसत होते. बाईंनी मान वर न करता हात उचलला. "साहेब, थांबा जरा. पाइप बोलतोय." मोठे साहेब चक्क गप्प बसले. त्यांना गप्प बसवणारी दुसरी व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही.

बांधाच्या पायथ्याशी खात्याची वसाहत आहे, साठ घरांची. पहिल्या ओळीतलं तिसरं घर बाईंचं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लागून सासूबाईंची खाट. नवरा ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. बांधाला काही झालं असतं तर पाणी सगळ्यात आधी कुणाच्या खिडकीतून शिरलं असतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. बाईंना ते ठाऊक होतं. त्या कधी बोलून दाखवत नसत, एवढंच.

मी आलो तो डब्या घेऊन. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी मुठीएवढी एक डबी, तिच्यापासून खाली पाण्यापर्यंत वायर. डबी दर तासाला पाण्याची उंची मोजणार आणि बिनतारी संदेशाने ऑफिसात कळवणार. आता मोजपट्टी नको, वही नको, डुब नको. बांधावर नजर ठेवणाऱ्या चार जणांपैकी तिघांची बदली झाली. बाईंना 'डब्यांची देखभाल' असं काम मिळालं, म्हणजे झाकणं उघडून मुंग्या झटकायच्या आणि लागेल तेव्हा बॅटऱ्या बदलायच्या. पट्टी गोदामात जमा झाली.  रीळ गोदामवाल्याच्या टेबलावर ठेवताना त्यांनी ते एकदा पुसलं, ते मी पाहिलं आणि तेव्हा मला त्याचं हसू आलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

बॅटऱ्या तीन वर्षं टिकतील असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिली सातव्या आठवड्यात गेली. नवव्या आठवड्यापर्यंत अकरा गेल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या डब्यांपेक्षा तेचबाईंच्या सासूबाई दणकट निघाल्या." मग हसू थांबवून म्हणाले, "हे बघा, माणसं आपण काढून टाकली. आता डब्याही मुक्या झाल्या तर बांधाकडे बघणारं कोणीच नाही. खाली साठ घरं आहेत."

दुसऱ्या दिवशी मी बांधावर बसून मेलेल्या बॅटऱ्यांकडे बघत होतो. बाई शेजारी येऊन बसल्या.

"मोजायला फार लागते का हो बॅटरी?"

"मोजायला काहीच नाही. बोलायला लागते. आणि ऐकायला."

"ऐकायला कशी लागेल?"

"लांबच्या डबीचा आवाज ऑफिसपर्यंत पोचत नाही. मधल्या डब्या तो ऐकतात आणि पुढे सांगतात. कोण कधी बोलेल सांगता येत नाही, म्हणून दिवसभर कान उघडे ठेवून बसतात. त्यातच निम्मी बॅटरी जाते."

बाई हसायला लागल्या. मला वाटलं, माझ्यावर हसतात. पण त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना कानात घालायचं यंत्र आणलंय. त्याचा सेल संपतो म्हणून त्या ते सकाळी आठला अर्धा तास लावतात आणि संध्याकाळी सातला अर्धा तास. काय सांगायचं असेल ते त्या वेळात सांगा. एरवी घराला आग लागली तरी ऐकू यायचं नाही. पण सेल वर्षभर पुरतो हो!"

 पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. सगळ्या डब्यांची घड्याळं जुळवायची, ठरल्या क्षणी सगळ्यांनी जागं व्हायचं, बोलायचं ते बोलून झोपून जायचं. पण हातात खऱ्या डब्या आल्यावर ते आठवायला एका ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा कान लागला.

"आणि ही तीन नंबरची नेहमी आधी का मरते?" बाईंनी विचारलं.

"ऑफिसच्या जवळ आहे ना. सगळ्यांचे निरोप तिच्याच मार्फत येतात."

"मग पाळी लावा की. एकाच सुनेने रोज सगळ्यांची भांडी घासली तर ती माहेरी निघून जाईल."

पाळी लावली. तीन, पाच, आठ आणि नऊ यांनी आठवड्या-आठवड्याने भार वाहायचा, आणि त्यातही ज्या डबीत जास्त जीव उरला असेल तिने आधी. मग बाई सगळ्यात महत्त्वाचं बोलल्या, तेही झाकणातली मुंगी उडवता उडवता. "आणि मुळात एवढं बोलायचंच कशाला? तेच असेल तर?"

म्हणजे ज्या सवयीवरून खात्याने बावीस वर्षं टिंगल केली, तीच सवय आता मी डब्यांना शिकवायला बसलो. पाणी दोन सेंटिमीटरांहून जास्त हललं तरच बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. मी तर 'तेच'ही म्हणायला लावलं नाही, तेवढीच बॅटरी वाचली. यावर बाईंच्या कपाळावर आठी पडली. "गप्प आहे म्हणजे ठीक आहे की मेली आहे, हे कसं कळणार?" त्यांच्या हट्टापायी दिवसातून एकदा प्रत्येक डबीची हजेरी ठेवली. डबीने फक्त 'आहे' म्हणायचं. त्या हजेरीबरोबर पाण्याचा आकडाही पाठवता आला असता, त्याने काही मोठा फरक पडला नसता. पण तोवर मला काटकसरीची चटक लागली होती. जिथे म्हणून एक अक्षर वाचवता येईल तिथे मी दोन वाचवत होतो.

आणि यश आलं! सहा महिने झाले तरी एकही बॅटरी बदलावी लागली नाही. हिशेबाने पाच वर्षं टिकतील असं दिसू लागलं. मोठे साहेब इतर खात्यांतल्या लोकांना माझी खोली दाखवायला आणू लागले. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता, कुठल्या डबीत किती बॅटरी उरली आहे त्याचा. सगळ्यात वर एकोणीस नंबर, सत्त्याण्णव टक्के. तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने लाल तारा काढला.

तलाव त्या सुमारास काठोकाठ भरत आला होता. एक दिवस दुपारी बाई मुंग्यांचं औषध मागायला आल्या आणि तक्त्यापुढे थांबल्या.

"एकोणीसला तारा कशाचा?"

"सगळ्यात कमी बोलते. गुणी डबी आहे."

"अठरा बोलली ना या पावसाच्या चार महिन्यांत?"

"हो, सात वेळा."

"वीस?"

"नऊ वेळा."

"तलाव भरला म्हणून शेजारचे दोघे बोलले आणि मधला गप्पच? साहेब, बावीस वर्षं मी त्याच्या तोंडाला कान लावलाय. एकोणीस सावकाश चालतो, पण चालतो. एवढा गप्प तो कधीच बसलेला नाही."

मी त्यांना समजावलं. हजेरी रोज येते, डबी जिवंत आहे, वायर शाबूत आहे. अगदी गोड आवाजात समजावलं, आपण अडाण्याशी बोलताना काढतो त्या आवाजात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पट्टी पाहिजे."

गोदामवाल्याने लेखी मागणी मागितली. मागणीवर 'कारण' असा रकाना होता. बाईंनी कारण लिहिलं, 'शंका'. असं कारण चालत नाही म्हणून तो अडून बसला. आता मात्र माझं डोकं फिरलं. मला शंका नव्हती, पण बाईंना एका रिळासाठी ताटकळत ठेवलेलं बघवेना. मी कागद ओढून घेऊन सही ठोकली.

भर दुपारी आम्ही एकोणीसशी पोचलो. नोंदीतला शेवटचा आकडा होता सहा मीटर चाळीस, म्हणजे पाइपाच्या तोंडापासून इतक्या खाली पाणी. बाई वाकल्या, उजवा कान धरला, पट्टी सोडू लागल्या. डुब झालं. मलासुद्धा ऐकू आलं, इतक्या लवकर. त्यांनी पट्टी वर घेतली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच डुब.

"पाच मीटर आठ," त्या म्हणाल्या.

एक मीटर बत्तीस सेंटिमीटर पाणी बांधाच्या पोटात चढून आलं होतं आणि माझी गुणी डबी एक शब्द बोलली नव्हती. धोक्याची रेषा पाच मीटरची. मधे आठ सेंटिमीटर उरले होते.

बाई बांधाच्या उतारावरून खाली उतरल्या, मी मागून घसरत. पायथ्याशी गवतात ओल होती. बाईंनी खड्ड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. "स्वच्छ आहे. गढूळ असतं तर बांधाची माती वाहून येत असती. अजून वेळ आहे. पळा, मोठ्या साहेबांना घेऊन या. फोनवर त्यांना खरं वाटायचं नाही."

मी पळालो. शाळेत असताना पळालो नव्हतो इतका. तासाभरात दरवाजे उघडून तलाव उतरवायला सुरुवात झाली आणि वसाहत रिकामी करायचा हुकूम निघाला. साठ घरांतली माणसं टेकाडावरच्या शाळेत हलवली. बाई घरोघर फिरत होत्या. सगळ्यांना काढून झाल्यावर शेवटी आपल्या घरी गेल्या आणि मी व त्यांनी मिळून सासूबाईंना खुर्चीसकट उचललं. म्हातारीला वाटलं दवाखान्यात नेतात, म्हणून तिने वाटभर मला शिव्या दिल्या. मला त्या योग्यच वाटल्या.

बांधाच्या पोटात पाणी निचरून जाण्यासाठी वाळूखडीचा थर असतो, तो एकोणीसच्या जागी बुजत चालला होता. नवे निचरे खोदले, पायथ्याला खडीचा भार घातला. नऊ दिवस लागले. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं.

"साहेब, पाणी हललं की नाही हे डबी कशाशी ताडून बघते?"

"आधीच्या तासाच्या आकड्याशी."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे माझीच चूक. जशीच्या तशी."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी सत्तावीस नंबरच्या पाइपापुढे चाळीस दिवस 'तेच' लिहिलं होतं. पाणी रोज अर्धा बोट चढायचं. कालच्याशी ताडलं तर अर्धा बोट म्हणजे काहीच नाही, म्हणून तेच. उद्याही तेच. चाळीस दिवसांत वीस बोटं झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माझी डबीही हेच करत होती. तासाला केसभर चढणाऱ्या पाण्याला ती दर तासाला 'काही विशेष नाही' म्हणत होती. बाकीच्या पाइपांत पाणी अधूनमधून एकदम उसळायचं, त्या निमित्ताने खरा आकडा येऊन जायचा. एकोणीस सावकाश चालणारा, तो अलगद निसटला.

"पण मी ते वहीत लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वह्या दिल्या होत्या ना?"

दिल्या होत्या. मी त्या संगणकात उतरवून घेतल्या होत्या, आणि टंकलेखकाला सांगितलं होतं की फक्त आकडे घ्या, शेऱ्याचा रकाना सोडा. उगाच जागा खातो. मी गोदामात जाऊन ती जुनी वही शोधली. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'माझ्या हातून चूक झाली. यापुढे तेच म्हणजे कालच्यासारखं नव्हे, शेवटी लिहिलेल्या आकड्यासारखं.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख.  

डब्यांमधली दुरुस्ती एका ओळीची होती. मागच्या तासाशी नको, शेवटी पाठवलेल्याशी ताडून बघ. हजेरीबरोबर आकडाही लावला. मोठे साहेब घाबरून म्हणत होते, सगळी काटकसर बंद, दर मिनिटाला सगळं पाठवा. बाईंनीच त्यांना अडवलं. "मग दोन महिन्यांत सगळ्या मरतील साहेब. गप्प बसणं वाईट नव्हतं. कधी गप्प बसायचं, ते चुकलं."

मग अहवाल. मी लिहिलं, 'संगणकीय आज्ञावलीतील दोषामुळे पाणीपातळीची नोंद झाली नाही.' खाली साक्षीदार म्हणून बाईंची सही हवी होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हा दोष कुठे राहतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला शोधायचं तर कुणाच्या घरी जायचं? साहेब, मी नाव लिहिलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी ते वाचलं, मला झापलं, आणि दुसऱ्या दिवशी सत्तावीस नंबर पुन्हा माझ्याच हातात दिला. नाव लिहिणाऱ्याच्या हातात पाइप परत देता येतो. दोषाच्या हातात कसा देणार?"

खोलीत मोठे साहेब होते, आणखी तिघे होते. मी वाक्य खोडलं आणि माझं नाव लिहिलं.  मनात राजीनाम्याचा मजकूर तयार होता. बाईंनी शेजारी सही केली आणि मोठ्या साहेबांना सांगितलं, "डब्या ह्यांच्याकडेच राहू द्या. नवीन माणूस आणलात तर त्याला ही चूक पहिल्यापासून करावी लागेल."

नवव्या दिवशी वसाहत परत भरली. सासूबाईंची खुर्ची उचलायला मी गेलो, एवढं तरी करायलाच हवं होतं. त्यांना खाटेवर बसवलं आणि मी उंबऱ्याशी घुटमळत राहिलो. अख्खी ओळ आपापल्या दारात उभी होती, कुणी गाद्या झटकत होतं, कुणी कुलपं काढत होतं. म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण गं? त्या दिवशीपण हाच होता."

 बाई काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, असं मला वाटलं. नेऊ देत, असंही वाटलं. बाईंनी वेळ मारून नेली नाही. त्यांनी म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बांधाची चूक ज्यांच्या हातून झाली ना, ते हे साहेब!"

गाद्या झटकायच्या थांबल्या. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी मान खाली घातली.

"मग तो उंबऱ्यात कशाला उभाय?" ती सुनेवर खेकसली. "आत घे त्याला. जेवलाय का, विचार."